कोतवालाचं ‘मी आहे ना’

एका रानात मोहाच्या उंच झाडावर एक कोतवाल पक्षी राहत असे. काळा कुळकुळीत, लांब दुभंगलेल्या शेपटीचा, अंगानं मुठीएवढा. पण धीट असा, की ससाण्याच्याही पाठीत चोच मारून त्याला हुसकावून लावी. म्हणून बुलबुल, होले, हळदे सगळे त्याच्याच झाडावर घरटी बांधत. चारा आणायला निघालेलं कुणी पिलांकडे वळून वळून पाहू लागलं, की कोतवाल वरून ओरडे, “जा बिनघोर. मी आहे ना!” मुलांनो, हे तीन शब्द नीट लक्षात ठेवा. त्यांच्यावर अख्खं झाड निश्चिंत असे.

कोतवालाच्या अंगात आणखी एक कला होती. तो कुणाचाही आवाज हुबेहूब काढी. चैत्रात मोहाची फुलं गळून खडकाच्या खळग्यात साचली, आंबली, तेव्हा त्यानं संध्याकाळी बुलबुलांना बुलबुलाच्या आवाजात हाक मारली, होल्यांना होल्याच्या. “या, या! आज मोहाखाली मैफल!” सगळे आले, फुलांचं पाणी प्याले, मनसोक्त नाचले. मग काय, ओढ्यापलीकडचे मोरही विचारत आले, “कोतवालसाहेब, आम्हालाही बोलवाल ना?” साहेब! अहो, झाड त्याचं नव्हतं, फुलं त्याची नव्हती, हाक तेवढी त्याची होती. पण स्वारीची मान अशी ताठली, की किडे टिपायला खाली उतरणंही तिला कमीपणाचं वाटू लागलं.

वैशाखात फुलं संपली. कोतवालानं हाका मारून घसा बसवला, तरी चार टाळकी जमेनात. गर्दीची चटक लागलेल्याला रिकामी संध्याकाळ खायला उठते. हे नेमकं हेरलं ते झाडाखालच्या बिळात राहणाऱ्या उदमांजराच्या बोक्यानं. अंडी-पिलं मटकावणारी ही जात. पण कोतवालाच्या धाकानं आजवर तो झाडावर चढला नव्हता.

“फुलं नाहीत तर नाहीत,” बोका लाडेलाडे म्हणाला. “मी धोतऱ्याच्या बिया आणून देतो. पाण्यात चुरून टाक. घरी जायचं कुणी नाव घेणार नाही.”

“आणि तुला काय हवं?”

“मला? एखादं रिकामं घरटं. कोणतं रिकामं झालं, तेवढं कळव.”

“माझ्या झाडावर? चालता हो!” कोतवाल म्हणाला खरा. पण त्या संध्याकाळीही कुणी फिरकलं नाही, आणि उजाडताच तो स्वतःच बोक्याच्या दाराशी जाऊन बसला. खूण ठरली. कोतवालानं कुणाला ‘मी आहे ना’ म्हटलं, की ते घरटं बोक्याचं.

मैफली पुन्हा रंगल्या. कशा रंगल्या, विचारू नका. होले झाडाच्या बुंध्यावर डोकी आपटून घेत आणि त्यालाच नाच म्हणत. एकदा बुलबुलीण कासावीस होऊन म्हणाली, “दादा, पिलं एकटी आहेत हो. निघते मी.”

“अगं ताई, आत्ता तर रंग चढतोय. मी आहे ना!”

बिचारी थांबली. परतली तेव्हा घरट्यात चार पिसं उरली होती. रडत कुणाकडे गेली? कोतवालाकडेच! आणि हा निर्लज्ज तिला म्हणतो, “साप असेल गं. कुणाचा काय इलाज?” तिचा आक्रोश कानांत घुमू नये म्हणून मग तो सकाळपासूनच बिया चघळू लागला.

अशात कोतवालिणीनं अंडी घातली. ती घरट्यातून हलेना. “अहो, पुरे झालं हे,” ती म्हणाली. “डोळे बघा तुमचे, कसे झालेत! मी नाही यायची.”

“मोरांना शब्द दिलाय मी. घटकाभर चल, माझी लाज राख.”

“आणि अंडी?”

बियांनी जड झालेली जीभ. रोजचा सराव. त्या जिभेवर जे यायचं तेच आलं. “मी आहे ना!”

त्या शब्दांवर सगळ्यांआधी तिनंच विश्वास टाकला होता. ती निघाली. खाली बोक्यानं कान टवकारले.

दोघं परतली, तेव्हा घरट्यात टरफलं होती आणि फांदीवर बोका मिशा चाटत बसला होता. कोतवाल किंचाळला, “हरामखोरा, हे माझं घर होतं!”

“मी घर कुठं बघतो?” बोका म्हणाला. “मी खूण ऐकतो. तूच दिलीस, चांगली मोठ्यानं.”

हे बुलबुलिणीनं ऐकलं. सगळ्या झाडानं ऐकलं. कोतवालीण हळूच म्हणाली, “म्हणजे ताईची पिलंसुद्धा तुम्हीच...” त्यानं उत्तर द्यायला चोच उघडली, तर आधी होल्याचा आवाज निघाला, मग मोराचा. स्वतःचा काही केल्या सापडेना. तिनं वाट पाहिली नाही. ती उडाली, आणि तिच्यामागे एकेक करून सगळं झाड रिकामं झालं.

कोतवाल अजून तिथंच आहे. शेपटीची पिसं झडलीत, ससाणा डोक्यावरून गेला तरी मान उचलत नाही. संध्याकाळ झाली, की मात्र ओरडतो, “या, या! मी आहे ना!” ओढ्यापलीकडे बुलबुलीण आपल्या नव्या पिलांना शिकवते, “हे शब्द कानावर आले, की पानाआड दडायचं. आणि चोचीतून अक्षर काढायचं नाही.”

तात्पर्य : ज्याच्या शब्दावर दुसरे निर्धास्त झोपतात, त्यानं तो शब्द विकायला काढला, की गिऱ्हाईक एक दिवस त्याच्याही घरात शिरतं.