एक सेंटिमीटरची चीर

"...मग सोमवारपासून मी एकटाच ऑपरेशनं करू ना, सर?"

डॉक्टर उपळेकरांनी हे विचारलं तेव्हा खानविलकर सर चहात बिस्कीट बुडवत होते. त्यांनी ते सावकाश खाल्लं. मी वॉर्डची सिस्टर, हातात पेशंटचे कागद घेऊन दारात उभी.

उपळेकर हे खानविलकर सरांच्याच हाताखाली शिकलेले. हुशार माणूस, पण आपली टिमकी आपणच वाजवायची खोड. आदल्या दिवशीची केस सांगत सुटले. भिकाजी घाडी माडावरून पडला, कंबरेचं हाड मागून मोडलं. पूर्वी याला वीतभर कापायला लागायचं. यांनी एक्स-रे मशीनच्या पडद्यावर बघत दोन स्क्रू बसवले. चीर एक सेंटिमीटरची, रक्त चमचाभर. हे तीनदा सांगून झालं.

"फोटो बघता, सर?"

"पेशंट बघू."

भिकाजी सकाळपासून मला एकच विचारत होता, परत माडावर चढता येईल ना? बाराव्या वर्षापासून तो नारळ पाडतोय, दुसरं काम ठाऊक नाही. मी काय सांगणार!

वॉर्डात उपळेकरांनी चादर सरकवून टाके दाखवले. सर तिकडे फिरकलेच नाहीत. ते पलंगाच्या पायथ्याशी गेले, वाकले आणि दोन्ही हात भिकाजीच्या पावलांकडे नेले.

भिकाजी कसानुसा झाला. पिकल्या केसांचा एवढा मोठा डॉक्टर आपले पाय धरतोय...

"ओ डॉक्टर, माझे पाय कित्याक धरतास?" म्हणत त्याने दोन्ही पावलं झटकन वर ओढली.

उजवं पाऊल वर आलं, अंगठ्यासकट. डावंही आलं. त्याचा अंगठा मात्र लुळाच लोंबत राहिला.

सर वाकलेलेच होते.

"ऑपरेशनआधी हलत होता?"

उपळेकर माझ्या हातातल्या कागदांकडे बघायला लागले.

मी कागद उघडला. भिकाजीला आणलं त्या दिवशी मीच लिहिलं होतं, दोन्ही अंगठे हलतात. कुणी वाचलं असेल तर शपथ! माडाला अंगठा रुतवूनच चढायचं असतं, एवढं आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं.

"पण सर, चीर तर..."

"त्याच चिरेतून परत जा. आजच."

तपासणीत दिसलं, एक स्क्रू हाडाबाहेर जरासा डोकावत होता आणि अंगठ्याची नस तिथूनच जाते. दुपारी उपळेकरांनी तो काढून नीट बसवला. या खेपेला मशीन फिरवून फिरवून बघत होते.

मग रोज सकाळी आल्या आल्या ते भिकाजीच्या पायाशी. अंगठा काही हलेना. खोटं कशाला बोलू, आधी मला त्यांचा रागच आला होता, पुढे कीव यायला लागली.

एकविसाव्या दिवशी अंगठा हलला. जेमतेम, पण हलला. भिकाजी रडला. उपळेकरही रडले, सगळ्या वॉर्डसमोर.

तसेच ते सरांच्या खोलीत गेले. एकट्याने ऑपरेशनं करायचं काही विचारलं नाही. नमस्काराला वाकले.

सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"माझे अंगठे हलतात रे."