हसुरामनं रंगवलेले राक्षस

पेणच्या पलीकडे खाडीकाठी एक गाव आहे. त्या गावात घरटी एक गणपतीचा कारखाना, आणि सगळ्या गावात मिळून एकच भोळा. त्याचं नाव हसुराम. वय चाळीस. हात सोन्याचा. डोकं म्हणाल तर, केस दाट होते.

हसुराम मूर्तींचे डोळे रेखायचा. त्याला जे सांगाल ते तो करायचा. तेवढंच करायचा. आणि जिथे करायचं नसतं तिथेही करायचा.

एकदा त्याची दाढ दुखली म्हणून तो तालुक्याला दातांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर शाल्मली परचुरे.

"आ करा," डॉक्टरताई म्हणाल्या.

त्यानं आ केला. दाढ निघाली. डॉक्टरताईंनी हात धुतले, चहा घेतला, पुढचा पेशंट आत बोलावला. हसुराम आ करून बसलेलाच.

"अहो, मिटा आता!"

मिटलं. तेव्हा त्याला कोपऱ्यातलं काचेचं कपाट दिसलं. आत बोटाएवढ्या बाहुल्या. तलवारवाल्या, शिंगवाल्या, शेपटीवाल्या. सगळ्या राखाडी.

"ताई, ह्यांना रंग नाही?"

"वेळ कुठाय? माझा सगळा जन्म लोकांच्या तोंडात चाललाय."

मग त्यांनी त्याला समजावलं. दर रविवारी चार वाजता दवाखान्यात खेळ असतो. टेबलावर नकाशा पसरायचा, त्यावर ह्या बाहुल्या, फासे टाकायचे आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट खेळायची. गोष्ट डॉक्टरताई चालवायच्या. खेळणारे दोघं. एक बर्वेकाका, निवृत्त हेडक्लार्क. दुसरी फरझाना मुकादम, शाळेत गणित शिकवायची. गोष्ट दोन वर्षं चाललेली. शेवटी ड्रॅगनला मारायचं. पण फरझानाला कॅनडात नोकरी लागली होती आणि निघायला दोन महिने उरले होते. त्याच्या आत ड्रॅगन मेला नाही, तर दोन वर्षं पाण्यात.

"शेवट तरी रंगीत व्हावा," डॉक्टरताई म्हणाल्या. "रंगवाल?"

"रंगवतो की!"

पहिल्यांदा त्याला बारा गॉब्लिन दिले. गॉब्लिन म्हणजे बुटके, लबाड राक्षस.

रविवारी हसुराम बारा गॉब्लिन घेऊन आला. बाराही गुलाबी. नेसूला पिवळा पितांबर. डोळे असे प्रसन्न, की बर्वेकाकांनी चपला काढल्या.

"काका, हल्ला करा ना," फरझाना म्हणाली.

"माझा हात उठत नाही गं. तूच कर."

"मी? हे बघा, हा माझ्याकडे बघून हसतोय."

शेवटी दोघांनी गॉब्लिनांना वाट दिली. गॉब्लिनांनी गाव लुटलं.

"हसुरामदादा," डॉक्टरताई म्हणाल्या, "बघणाऱ्याची बोबडी वळली पाहिजे. चेहरा भयंकर हवा!"

"असं होय? मग आधी नाही का सांगायचं!" हसुराम म्हणाला, आणि त्यानं मनाशी गाठ मारली.

पुढच्या खेपेला बर्वेकाकांची बाहुली आली. खेळात काका देवळातली साध्वी होते. तिनं जखमेवर हात ठेवला की जखम बरी.

रविवारी साध्वी आली. डोळे लालभडक. जीभ हनुवटीपर्यंत. दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांतून रक्त. नखांतसुद्धा रक्त.

त्याच दिवशी खेळात फरझानाला बाण लागला.

"थांब, बरी करतो तुला," म्हणत काकांनी साध्वी पुढे सरकवली.

"काका, मी मरते. पण हिला माझ्याजवळ आणू नका."

"अगं, ही औषध देणार!"

"ही? ही मला लिंबू पिळून खाणार!"

डॉक्टरताईंनी कपाळाला हात लावला. "हसुरामदादा, असं मनानं नाही करायचं. ज्याची बाहुली, त्याला विचारायचं. तो सांगेल ते शब्दन् शब्द पाळायचं."

"असं होय? मग आधी नाही का सांगायचं!" आणखी एक गाठ.

तिसरी बाहुली फरझानाची. खेळात ती चोर होती. हसुराम तिला विचारायला थेट शाळेच्या फाटकावर गेला.

"कशी हवी, ताई?"

"कुणाच्या नजरेला पडता कामा नये. समोर उभी असली तरी!"

"शब्दन् शब्द?"

"शब्दन् शब्द."

हसुराम दवाखान्यात आला. फरशी बघितली. पांढरी, तिच्यावर काळे-तपकिरी ठिपके. त्यानं तासभर ठिपके मोजले.

रविवारी तो रिकाम्या हातानं बसला होता.

"आणली?" फरझानानं विचारलं.

"आणली."

"कुठाय?"

"फरशीवर उभी केलीय. दिसतेय का?"

"नाही."

"मग झालं तर!" हसुराम खूश.

सगळे ओणवे झाले. टेबलाखाली बघितलं, खुर्च्यांखाली बघितलं. हसुरामलाही सापडेना, म्हणून तो आणखी खूश. तेवढ्यात कट्ट असा आवाज आला.

"सापडली," बर्वेकाका पाय उचलत म्हणाले.

फरझानाच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरताई कडाडल्या, "हसुरामदादा! दारातून आत येणाऱ्याला सगळ्यात आधी तीच दिसली पाहिजे! समजलं?"

"असं होय? मग आधी नाही का सांगायचं!"

आता उरला ड्रॅगन. वीतभर लांब, पंख मिटलेला, राखाडी. आणि उरले पाच रविवार. शेवटच्या रविवारी लढाई, सोमवारी पहाटे फरझाना विमानतळावर.

"ह्यांना देऊ नका," फरझाना म्हणाली.

"अगं, पण असे डोळे दुसरं कोण रेखणार?" बर्वेकाका म्हणाले. ते खरं होतं.

हसुरामनं ड्रॅगन हातात घेतला. "हा कोणाचा?"

"माझा," डॉक्टरताई म्हणाल्या.

"मग तुम्ही सांगा. कसा हवा?"

दोन वर्षांत डॉक्टरताईंना हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. "काळाकुट्ट. साठ फूट लांब. जबड्यात बैल मावेल असा. पंख उघडले की गावावर सावली!"

"साठ फूट?"

"साठ."

"शब्दन् शब्द?"

"शब्दन् शब्द, हसुरामदादा."

हसुरामनं ड्रॅगनवर वीत ठेवली. एक वीत भरली. मग त्याला उलगडलं. त्याच्या गावात गिऱ्हाईक छोटा नमुना आणतं, आणि कारखान्यात त्याच्यावरून मोठी मूर्ती होते. ताईंनी नमुना दिलाय.

शेवटचा रविवार उजाडला. चार वाजले. नकाशा पसरला, फासे मांडले. बाहेर ट्रॅक्टर थांबला. पंचवीस माणसं ओरडली, "हां, ढकला!"

दवाखान्यात अंधार झाला. दारातून एक नाकाड आत आलं. मग जबडा. मग डोळे. प्लॅस्टर आणि काथ्याचं अख्खं डोकं चौकटीत घुसलं आणि पाचरीसारखं अडकलं. दवाखान्याला दार एकच. खिडक्यांना गज.

डॉक्टरताईंनी सवयीनं दात मोजले. बत्तीस. कीड नव्हती.

"हसुरामदादा, हे काय आहे?"

जबड्यातून हसुरामचा आवाज आला. "डोकं, ताई. दारातून सगळ्यात आधी दिसलं की नाही?"

"आणि बाकीचा?"

"मान टेम्पोत आहे. पोट नाक्यावर वळतंय. शेपूट गावातच राहिलं, पुलावरून येईना."

"माझा छोटा ड्रॅगन कुठाय?"

"नमुना? त्याचे सव्वीस तुकडे केले. एकेका कारागिराला एकेक, माप बघायला."

टेबलावर मारायला काही उरलं नव्हतं. फरझाना उठली. "मला पहाटे निघायचंय! बाहेर कसं पडू?"

तिनं ड्रॅगनकडे बघितलं. दोन वर्षं ह्याच्याशीच तर लढायचं होतं. तिनं वीस बाजूंचा फासा उचलला आणि टाकला. वीस पडले. ह्या खेळात वीसच्या वर काही नसतं.

"मार!" बर्वेकाका ओरडले.

फरझानानं लोखंडी स्टूल डोक्यावर उचललं आणि जबड्याकडे धावली.

"फरझानाताई, थांबा थांबा!" आतून हसुराम कळवळून ओरडला. "गुरुवारी मारा. रंग ओला आहे!"