तांबडीचं बारावं पीस

त्या राज्यात आभाळ सगळ्यांचं होतं आणि पडणं मात्र ज्याचं त्याचं होतं. म्हणून उडणाऱ्यांनी एक रीत घालून घेतली होती. दर ऋतूला प्रत्येकाने आपल्या पंखातलं एक पीस कासवाच्या कपारीत नेऊन ठेवायचं. झडलेलं चालत नसे. उपटलेलंच हवं, मुळाशी रक्ताचा ठिपका असलेलं. जे दुसऱ्यांची पिलं पाठीवर घेऊन दरी ओलांडत त्यांनी सगळ्यात लांब पीस द्यायचं, कारण ते पडले तर एकटे पडत नसत. कोणी आपटलं, पंख गमावून बसलं, की कासव त्याच पिसांचे नवे पंख बाभळीच्या डिंकाने जोडून देई. कासवावर सगळ्यांचा भरवसा होता. ज्याला उडायचंच नाही तो पिसं घेऊन करणार काय?

दरीवरून पिलं नेणाऱ्यांत तांबडी नावाची घार पहिली. त्या राज्यात घारीच्या पाठीवर पिलं बिनघोर बसत. बारा ऋतूंत ती एकदाही पडली नव्हती, आणि हे ती भेटेल त्याला ऐकवी. शेजारच्या कड्यावर भिवबा करकोचा राही. कामही तेच, पण पाय काटकुळे, उडणं बेंगरूळ. तांबडीची पाठ भरली तरच पिलं त्याच्याकडे वळत.

एके दुपारी रिकाम्या परतणाऱ्या भिवबाला वावटळीने दरीत आपटलं. कासव खुरडत खाली गेलं. खडकावरचे ओरखडे त्याने नीट पाहिले आणि विचारलं, "पडलास की पाडून घेतलंस?"

"आजोबा," भिवबा कण्हत म्हणाला, "एवढी अक्कल असती तर वावटळीत शिरलो असतो का?"

कासवाची खात्री पटली. भिवबाला पंख मिळाले.

आणि पंख तरी कसले! रंगीबेरंगी गोधडीच. पोपटाचं हिरवं, बगळ्याचं पांढरं, नीलकंठाचं निळं, आणि अगदी टोकाला, वारा कापायच्या जागी, काळ्या काठाचं एक लांब तांबूस पीस. तांबडीने ते लांबूनच ओळखलं. याच ऋतूत दिलेलं, बारावं. ती जागा अजून ठणकत होती.

दुसऱ्या दिवशी पिलांनी गलका केला, "आम्ही रंगीत पंखांवर बसणार!" तांबडीची पाठ जन्मात पहिल्यांदा रिकामी राहिली. दुसऱ्याच्या ताटातला लाडू मोठा दिसतो म्हणतात. हा तर तिच्याच ताटातला होता.

ती तडक कपारीवर गेली. "माझ्या पिसावर मिरवतोय मेला! बारा ऋतू दिलं, मला काय मिळालं?"

"तू पडली नाहीस," कासव म्हणालं.

"ते माझ्या पंखांनी मिळवलं, तुमच्या कपारीने नाही. माझी पिसं मला परत द्या."

कासव म्हणालं, "रीत आहे. एक ऋतू पंख न उघडता जमिनीवर काढलास, की एक पीस परत. जमिनीवरच्याला पडायची धास्ती नाही."

"आणि बारावं?"

"ते ज्याच्या पंखात आहे तो जमिनीवर बसेल तेव्हा."

"बसेल की! त्या पायांनी किती दिवस उडणार?" असं म्हणून तांबडी खाली उतरली.

ऋतूमागून ऋतू गेले. एकेक पीस परत आलं आणि कासवाने ते जिथल्या तिथे चिकटवलं. तांबडी गुबगुबीत, तुकतुकीत दिसू लागली. झुडपाखाली तिने घरटं केलं. आता कड्यावर कोण चढणार? आठव्या ऋतूत भिवबा मुद्दाम तिच्याजवळ उतरला.

"तांबडीअक्का, पलीकडे फार पिलं खोळंबलीत. माझ्या एकट्याच्याने होत नाही. चल ना."

तिचा डोळा त्याच्या पंखाच्या टोकावर खिळला होता. "चारच राहिलीत," ती म्हणाली. "मग बघू."

अकरावं पीस चिकटलं त्या सकाळी तिची स्वतःची पिलं पायाशी घुटमळत होती. त्यांनी आईला कधी वर पाहिलंच नव्हतं. इतक्यात उन्हातून एक सावली सरकली. टोकाला एक लांब पीस, काळ्या काठाचं. पिलं घाबरून आईकडे धावली. तांबडीने भरगच्च पंख पसरले. ते जमिनीपासून वीतभर उचलले गेले आणि पिलांवर बसले.

तिने मान कलती करून एका डोळ्याने आभाळाकडे पाहिलं. सावली दरीपलीकडे गेली. मग तिने घशातल्या घशात 'कुक् कुक्' केलं, पंजाने माती उकरली आणि सापडलेला दाणा पिलांपुढे टाकला.