वल्ह्यांवाचून होडी

फिनलंडच्या अरण्यात, एका रुंद नदीच्या काठी, एकदा एक वृद्ध ज्ञानी पुरुष राहत असे. वनौषधी आणि मंत्र यांचा तो जाणकार होता. ईल्पो नावाचा तरुण त्याच्यापाशी विद्या शिकत होता.

त्या देशीच्या जुन्या श्रद्धेनुसार मृत्यूचा देव तुओनी. त्याचे राज्य काळ्या नदीपलीकडे, आणि त्याची कन्या मृतांना होडीतून पलीकडे नेते. तिथे पाहुण्यापुढे मद्याचा प्याला येतो. तो जो पितो, तो परतत नाही.

त्या वसंतात जवळच्या गावात तापाची साथ आली. हेल्का नावाची एक परगावची बाई दोन वर्षांपूर्वी येऊन तिथे होडी चालवू लागली होती. ती न बोलावता आजाऱ्यांच्या घरी जाई, त्यांचे अंग पुसून देई, रानफळांचा काळा काढा पाजी. पाच घरांत माणसे दगावली. पाचही घरी हेल्का गेली होती.

ईल्पोच्या मनात शंका शिरली. ही कुठून आली? हिची माणसे कोण? हिची होडी काळी का? तो तिच्यावर पाळत ठेवू लागला, आणि एके दिवशी चारचौघांत म्हणाला, "ही तुओनीची मुलगी असावी."

गावातल्या मिठाच्या व्यापाऱ्याचा भाऊ नुकताच त्या तापाने गेला होता. त्याला एवढेच पुरे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी हेल्काला तिच्याच होडीत बसवले आणि वल्ही काढून घेतली. होडी अजून दोराने काठाशी बांधलेली होती; खाली अर्ध्या कोसावर धबधबा होता.

"तुओनीची असेल तर बाप सांभाळील," व्यापारी म्हणाला.

"ती माणसे आजारी होती, म्हणून मी गेले," हेल्का पुन्हा पुन्हा सांगत होती. ते कोणाच्याच कानी जात नव्हते.

इतक्यात काठी टेकत वृद्ध आला. तो धापा टाकत होता. त्याने पाणी मागितले. ईल्पो धावला आणि नेहमीप्रमाणे भांडे भरून त्याने गुरूंपुढे धरले. वृद्धाने ते हुंगले, ईल्पोकडे निरखून पाहिले आणि पाणी वाळूत ओतून टाकले.

"याच्या हातचे मी पिणार नाही," तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला. "पाचही घरांत हा गेला होता. औषधाची झोळी याच्याच खांद्यावर होती. हेल्का तर मागून आली."

लोक ईल्पोपासून दोन पावले मागे सरले. व्यापाऱ्याने त्याचे मनगट धरले. कालपर्यंत ज्यांनी त्याला घरात घेतले, त्यांचे डोळे आता त्याच्या हातांवर खिळले होते.

"गुरुजी, मी तुमच्याबरोबर गेलो होतो! ती माणसे आजारी होती, म्हणून गेलो!"

"हेच ती केव्हाची सांगते आहे," वृद्ध शांतपणे म्हणाला. "बाळ, मरणाऱ्याच्या उशाशी तुओनी येतो आणि सेवा करणाराही येतो. तुओनी दिसत नाही, म्हणून आपण जो दिसतो त्याला धरतो. ती ज्या घरांत गेली आणि माणूस उठून बसला, ती घरे तू पाहिलीस?"

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. "माझी नात वाचली. हिनेच तीन रात्री जागून काढल्या."

"मग बोलली का नाहीस?" व्यापाऱ्याने विचारले.

"कोणी विचारलेच नाही. आणि भीती वाटली."

व्यापाऱ्याने मनगट सोडले. तो भावाचे नाव घेऊन तिथेच खाली बसला. ईल्पो कमरेएवढ्या थंडगार पाण्यात उतरला आणि होडी ओढून त्याने काठाला लावली. "माझ्यामुळे झाले हे," तो म्हणाला. हेल्काने क्षमा केली नाही, रागही काढला नाही. ती उतरली, झग्याचा ओला काठ पिळला आणि म्हणाली, "सुताराच्या घरी ताप आहे. येतोस?"

दोघे गेले. दार उघडणाऱ्या सुताराने आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे संशयाने पाहिले. ईल्पोने मान खाली घातली नाही. फक्त हात धुतले आणि आजाऱ्याजवळ जाऊन बसला.

दुःखाला कारण हवे असते. ते सापडत नाही, तेव्हा आपण एखादा माणूस शोधतो. त्याला धरण्यापूर्वी त्याचे म्हणणे तरी एकदा ऐकावे.