तीन टोले वैद्याला

एक होता राजा. राजा आपला साधाच, पण त्याचा राजवाडा इतका मोठा, की पुढच्या ओसरीवर न्याहारी चालायची तेव्हा मागच्या परसात दिवेलागण झालेली असायची. पाहुणा आत शिरला की हरवलाच म्हणून समजा. मग राजानं देवडीवर एक मोठी घंटा टांगली. आलेल्यानं ती वाजवायची. एक टोला कारभाऱ्याला, दोन कोठीवाल्याला, तीन वैद्याला. वाजवून देवडीतच बसायचं, आतला माणूस न्यायला येईल. घंटेला जो उत्तर देणार नाही त्याला फटके.

सुरुवातीला नोकर धावले. मग त्यांचे पाय दुखायला लागले. मग मेल्यांनी डोकं चालवलं. उत्तरच द्यायचं ना? प्रत्येकानं आपापल्या खोलीत एक लहान घंटी टांगली आणि तिची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली. मोठी घंटा वाजली की पडल्या पडल्या अंगठा हलवायचा. टिणटिण. झालं उत्तर. पुढं पुढं तर, बरं का, झोपेतसुद्धा अंगठा आपला आपण हलायला लागला.

एकदा काय झालं, हौसा बुरडीण देवडीवर आली. टोपल्या विणून पोट भरणारी बाई. कडेवर तिची मंजी, तापानं नुसती फणफणलेली. त्या तापावरची मुळी राजाच्या वैद्याखेरीज कुणाकडं नव्हती.

हौसानं तीन टोले दिले. आतून टिणटिण आलं. म्हातारा देवडीवाला म्हणाला, उत्तर आलं, आता माणूस येईलच. हौसा बसली. मंजीच्या कपाळावर ओला पदर ठेवला. कुणी आलं नाही.

मग तिनं पुन्हा तीन टोले दिले, जरा जोरात. पुन्हा टिणटिण. पदर वाळला, तरी कुणी आलं नाही.

मग तिसऱ्यांदा हौसा घंटेला लोंबकळलीच. टोले मोजलेच नाहीत. तशी अख्ख्या राजवाड्यातून टिणटिण सुरू झाली, या दालनातून, त्या दालनातून. राजा सज्जात येऊन मान डोलवायला लागला. माझ्या दारी कुणाची हाक वाया जात नाही, म्हणाला.

मंजीनं डोळे उघडले. "आई, एवढे सगळे येतायत?"

"येतायत," हौसा म्हणाली.

आणि तिला कळून चुकलं, की कुणी येत नाही. तिनं पोर देवडीवाल्याच्या मांडीवर दिली. त्यानं काठी आडवी धरली ती तिनं ढकलली आणि आत पळाली. दालनामागून दालन. शेवटी वैद्य सापडला. गादीवर, घोरत. हौसानं त्याला गदागदा हलवलं. "वैद्यबुवा, उठा, लेकरू जातंय माझं." वैद्याचा अंगठा हलला. टिणटिण. ती पुन्हा ओरडली. टिणटिण.

मग हौसानं ती दोरी दातांनी तोडली. तेव्हा कुठं वैद्य उठून बसला. वर रागावला.

"ओरडतेस कशाला बाई? मी उत्तर दिलं होतं की."

हौसानं त्याची शेंडी धरली आणि ओढत नेला. धावला हो, मुठीत मुळी घेऊन खरंच धावला. पण राजवाडा मोठा.

देवडीवाला तसाच बसला होता, मांडीवर मंजी. तो काही वर बघेना. मंजीचं अंग गार झालं होतं, आणि ते काही ताप उतरून नव्हे.

पुढं राजा सुखात राहिला. नोकर सुखात राहिले. वैद्यानं अंगठ्याला नवी दोरी बांधली. हौसा नुसती राहिली.

असं का, ते मला विचारू नका. झालं ते असं झालं. आता निजा. आणि कुणी हाक मारली तर पडल्या पडल्या ओ देऊ नका. उठायचं. चला, मिटा डोळे.