आधी पाड

भक्तजनहो, बोरखिंडी गावाच्या वेशीबाहेर, ओढ्याच्या काठाला एक जुनी चिंच होती. एका उन्हाळ्यात महाराज तिच्या सावलीत येऊन बसले, ते बसलेच. कुठले, कोणाचे, असे कोणी विचारले की हसायचे आणि विचारणाऱ्याच्या तळहातावर चिंचेचे एक बोटूक ठेवायचे. श्रद्धा असलेले ते प्रसाद म्हणून घरी नेत, नसलेले तिथेच चोखत. महाराजांना दोघेही सारखेच. अंगावर एक कांबळे, जवळ एक तांब्या, एवढाच त्यांचा संसार. गाव त्यांना चिंचेचे महाराज म्हणू लागले आणि तेच नाव पडले.

त्या गावचा देव भैरोबा. चैत्रातल्या यात्रेला भैरोबाची काठी निघे. काठी म्हणजे हातात धरायची काठी नव्हे बरे! घराच्या आढ्याच्याही कितीतरी वर जाणारा कळक, म्हणजे बांबू. त्याला लाल-पांढरे फडके गुंडाळलेले, शेंड्याला मोरपिसांचा तुरा. खालचे टोक एका माणसाने कमरेच्या पट्ट्यात तोलायचे, चौघांनी चार बाजूंनी दोर धरायचे, आणि वेशीपासून देवळापर्यंत काठी उभी नाचवत न्यायची. दोर सावरायला असतात, पण भार त्या एकट्याच्या कमरेवर. हा मान पूर्वी रावजी जगदाळ्यांच्या घरचा. पण वडील थकले आणि रावजींची पाळी आली, त्याच वर्षी ऐन यात्रेत रावजींच्या कमरेत उसण भरली. मग मान नलवड्यांकडे गेला, आणि बापाच्या पश्चात तो शिदू नलवड्याकडे आला.

आला, पण टिकला नाही. पहिल्याच यात्रेत देवळाच्या पायऱ्यांशी शिदूचा पाय अडखळला, काठी कलंडली आणि दीपमाळेवर आपटून मधोमध चिरली. कोणाला लागले नाही, ही भैरोबाची कृपा. पण त्या साली पावसाने ओढ दिली आणि रावजींनी पारावर बसून निकाल देऊन टाकला, "शिद्यानं काठी पाडली, आता पाऊस कशाला पडतोय!" रावजी मोठे बोलके गृहस्थ. जगात कोणाचे काय चुकले, हे त्यांना पारावरून उठायच्या आधीच कळत असे. लोक हसले. शिदू मात्र त्या दिवसापासून पाराकडची वाटच चालला नाही.

पुढच्या यात्रेला तो तापाचे निमित्त करून घोंगडे पांघरून निजला. त्याच्या पुढच्या यात्रेला बहिणीच्या गावी गेला. गावाने नवा कळक आणला होता, तो देवळात आडवाच राहिला. आणि भीतीचे कसे असते बघा, तिला ओसरीवर जागा दिली की ती माजघरात शिरते. शिदू नवा खोंड औताला जुंपेना, आंब्याला कलम बांधेना, लेकीची सोयरीक विचारायला कोणाच्या दारी जाईना. "आपल्या हातनं व्हायचं न्हाई," हे त्याचे पालुपद झाले. एकदा त्याची बायको सारजा चिडून म्हणाली, "अवो, काठी एकदाच पडली. तुमी रोज पडताय!"

यंदा मात्र गोष्ट निकरावर आली. यात्रेला आसपासच्या गावांच्याही काठ्या येत आणि बोरखिंडीची काठी सगळ्यांच्या पुढे चाले. पण रीत अशी होती, की ज्या गावाची काठी लागोपाठ तीन यात्रा उभी राहिली नाही, त्या गावाचा पुढे चालायचा मान कायमचा जायचा. देव बोरखिंडीचा, आणि बोरखिंडीने मागे उभे राहून टाचा उंचावून बघायचे! पंचांनी तरण्याबांड पोरांना विचारून पाहिले. एक जण पुढे येईना. रावजींची जीभ सगळ्यांनीच ऐकलेली होती. शेवटी शिदूला बोलावले, तर तो खाली मान घालून उठला आणि तडक चिंचेखाली आला.

"म्हाराज, मला ह्यातनं सोडवा," तो पाया पडून म्हणाला. "परत पडली तर मला गावात तोंड दावायला जागा न्हाई."

महाराज म्हणाले, "पडताना तू तिला बघितलीस का रे?"

"न्हाई म्हाराज. डोळं गच्च मिटलं व्हतं."

"मग न बघितलेल्या गोष्टीला इतका भितोस होय, लेका! जा, एक साधा कळक तोडून आण. देवळातला नको. आणि उद्या चांगलं फटफटल्यावर इथं ये."

दुसऱ्या दिवशी शिदू कळक घेऊन आला. पट्टा बांधून त्याने तो कसाबसा उभा केला. महाराज चिंचेच्या मुळीवर बसून शांतपणे म्हणाले, "छान. आता पाड."

शिदूने विचारले, "पाडू?"

"पाड की! पण डोळे उघडे ठेवून. ती कुठं कलते, कमरेला आधी काय कळतं, पायाला काय कळतं, सगळं बघत बघत पाड."

कळक धाडकन ओढ्याच्या वाळूत पडला. आणि काय सांगावे! महाराजांनी टाळी वाजवली आणि आनंदाने आरोळी ठोकली, "भैरोबाच्या नावानं चांगभलं!"

त्या दिवशी शिदूने कळक किती वेळा पाडला, याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी महाराज चांगभलं म्हणत. काठी उभी राहिली की चांगभलं म्हणणारे पुष्कळ. पडली तरी म्हणणारे हे पहिलेच! दोन-चार दिवसांत ओढ्यावर बघ्यांची गर्दी जमू लागली. मग रावजी आल्यावाचून कसे राहतील?

"वा बुवा, वा!" ते कमरेवर हात ठेवून म्हणाले. "दुसरे गुरू उभं राहायला शिकवतात, तुम्ही पाडायला शिकवताय. आधीच मर्कट, त्यात तुमचा उपदेश! आता गावाचा मान वाचला म्हणायचा!"

गर्दी खिदळली. शिदूचे तोंड एवढेसे झाले. महाराज मात्र मायेने म्हणाले, "रावजी, कमर कशी आहे?"

"आहे की. उसण आहे अजून," रावजी म्हणाले आणि लगोलग गावाकडे वळले.

शिदूने कळक वाळूत टाकला. "ऐकलंत न्हवं म्हाराज? असंच हसत्यात सगळी."

"हसू दे. बसलेल्याला ठेच लागत नाही, हे खरं. पण बसलेल्याच्या पायानं कोणी देवळात पोचलंय का? उचल कळक."

शिदूने उचलला. पडताना काठी आधी कमरेला कळवते, मग पोटरीला, आणि तेवढ्या अवधीत एक पाऊल सरकवायला पुरेशी सवड मिळते, हे त्याच्या हळूहळू ध्यानात येऊ लागले. मग एका सकाळी गंमतच झाली. महाराज म्हणाले, "पाड." शिदूने काठी कलू दिली, पण पाय आपोआप तिच्याखाली सरकले. काठी झोकांडी खाऊन पुन्हा सरळ! त्याने दुसऱ्या बाजूला कलवली, तरी तेच.

"म्हाराज, पडत न्हाई!" शिदू हसतही होता आणि रडतही होता. "पाडतोय तरी पडत न्हाई!"

"मग आता देवळातली घे," महाराज म्हणाले.

यात्रेचा दिवस उजाडला. सारजाने पट्ट्याला कुंकू लावले. शिदू आधी चिंचेखाली गेला आणि म्हणाला, "म्हाराज, तुमी चला बरोबर."

"मी इथंच आहे. तू शेंड्याकडे बघ, मागं बघू नकोस."

हलगी कडाडली, गुलाल उधळला आणि बोरखिंडीची काठी दोन वर्षांच्या खंडानंतर उभी राहिली! काय तो थाट वर्णावा! मोरपिसे उन्हात झळकत होती, म्हाताऱ्या बायका कडाकडा बोटे मोडत होत्या. शिदू ताल धरून नाचवत निघाला. दुसऱ्या गावांच्या काठ्या मुकाट्याने मागे लागल्या. चालता चालता देऊळ आले, दीपमाळ आली, त्याच त्या पायऱ्या आल्या.

आणि नेमकी तिथेच वावटळ उठली. धुळीने डोळे भरले. मागचा दोर धरणारा गडी गुलालावरून घसरून पडला, दोर त्याच्या हातातून सुटला आणि काठी पुढे कलंडली. पुढे आरत्या घेतलेल्या बाया होत्या, त्यांची कडेवरची पोरे होती. "पडली! पडली!" एकच ओरड झाली. बाजूचे दोर धरणारे भांबावून गेले. रावजी दीपमाळेच्या जोत्यावरच उभे होते. सुटलेला दोर त्यांच्या हातभर अंतरावरून सळसळत गेला. पण त्यांचा हात वर होईना.

शिदूने डोळे मिटले नाहीत. काठीने कमरेला कळवले, पोटरीला कळवले, आणि त्याने पायरीवर पाऊल पुढे टाकून गुडघा वाकवला. अर्धा तोल सावरला. उरलेला सावरणे एका माणसाच्या हाती नव्हते. मागून एक ओढ हवी होती, आणि मागे कोणी नव्हते. "म्हाराज!" त्याच्या तोंडून एवढाच शब्द निघाला.

भक्तजनहो, तेव्हा जे घडले ते रावजींनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. वाऱ्यावर भिरभिरणारा तो मोकळा दोर एकाएकी ताणला गेला. टोक अधांतरी, धरणारा कोणी नाही, आणि दोर मात्र ताठ! रावजींच्या अंगावर सरसरून काटा आला. कधी नव्हे ते त्यांचे पाय पारावरून, म्हणजे दीपमाळेच्या जोत्यावरून, खाली उतरले आणि त्यांनी दोन्ही हातांनी दोर पकडला. तो ऊन ऊन लागत होता, आणि त्यांच्या मुठींच्या मागे आणखी कोणीतरी ओढत होते. काठी थरथरली, सावकाश मागे आली आणि सरळ उभी राहिली. शिदूने एकेक पायरी चढून ती भैरोबाच्या दारात नेली. "चांगभलं!" म्हणून असा काही गजर उठला, की हलगीचा आवाजही ऐकू येईना. सारजा रडत रडत सगळ्यांना सांगत होती, "माझ्या मालकानं न्हेली! माझ्या मालकानं न्हेली!"

गुलालाने माखलेला शिदू थेट चिंचेकडे धावला आणि त्याच्यामागे सारा गाव. महाराज मुळीवर बसले होते. शिदूने पाय धरले, तेव्हा त्यांनी आशीर्वादाला हात उचलला. तळहातावर दोराचा लालभडक वळ! कातडे सोलवटून निघाले होते आणि त्याला गुलाल चिकटला होता. शिदूने तर फक्त पाय धरले होते, आणि तोवर चिंचेखाली गुलालाचा कणही आला नव्हता.

गर्दीतून रावजी पुढे आले. पागोटे काढून त्यांनी महाराजांच्या पायांवर ठेवले.

"महाराज, मी पापी आहे," ते सगळ्या गावादेखत म्हणाले. "माझ्या कमरेत उसण कधी भरलीच नव्हती. वडलांसारखी पेलवेल का, पडली तर लोक काय म्हणतील, ह्या भीतीनं मी सोंग केलं. जन्मभर तेच सोंग वागवलं. शिदू निदान पडला तरी. मी उचललीच नाही, आणि त्यालाच हसत बसलो. शिदू, मला माफ कर बाबा."

शिदूने त्यांना उठवून उराशी धरले. "तात्या, आज दोर तुमीच धरला न्हवं का?"

महाराजांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ओठांवर हसू. झाडाला टेकवलेला तो साधा कळक त्यांनी घेतला आणि रावजींच्या हातात दिला. शिदूने आपला पट्टा सोडून त्यांच्या कमरेला बांधला. केस पिकलेले रावजी, आणि सारा गाव बघतो आहे!

"महाराज, ह्या वयात? पडेल हो!"

महाराज म्हणाले, "हो तर! आधी पाड."

रावजींनी कळक उचलला. क्षणभर तो उभा राहिला आणि धाडकन वाळूत पडला. आणि त्याबरोबर सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्याने शिदू ओरडला, "भैरोबाच्या नावानं..."

"चांगभलं!" सारा गाव गरजला. रावजी वाळूतच गुडघे टेकून महाराजांपुढे पुन्हा वाकले आणि उठून कळक उचलायला गेले.