सारजेच्या तीन भिंती

एका राज्यात कुणी कुणाला ओळखत नसे. आई समोर आली तर मुलगा वाट सोडून उभा राही, नवरा दारात आला तर बायको विचारी, "कोण हवं?" डोळे सगळ्यांचे शाबूत होते, पण चेहरा पाहिला तरी तो कुणाचा हे उमगत नसे. आवाजाचंही तसंच. सात वर्षं असं चाललं होतं. म्हणून त्या नगरीत माणसं खुणा बाळगत. कुणी पागोट्यात मोरपीस खोवी, कुणी दंडाला लाल दोरा बांधी, आणि लहान मुलांच्या पायांत घराघराची निरनिराळी घुंगरं असत.

त्या नगरीचा राजा मेघकेतू. त्याच्या पदरी हरपाळ नावाचा भाट होता. रोज सकाळी दरबारात उभं राहून राजाची स्तुती गायची, हे त्याचं काम. राजाचं मुख चंद्रासारखं, भुजा हत्तीच्या सोंडेसारख्या, चाल सिंहासारखी. ही स्तुती त्याच्या बापानंही गायली होती, आजानंही. हरपाळानं मान वर करून राजाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. त्याची गरजच पडली नव्हती.

एकदा तळ्याकाठी जत्रा भरली. हरपाळ आपल्या तीन वर्षांच्या मुलीला, सुगुणेला, घेऊन गेला. जत्रेत साऱ्या मुलींना पिवळे परकर नेसवायची चाल होती. गर्दीत सुगुणेच्या पायातली घुंगरं तुटून पडली. हरपाळानं वळून पाहिलं तो समोर वीस पोरी, वीस पिवळे परकर, आणि त्यांतली आपली कोणती, हे त्याला कळेना. त्यानं हाक मारली. पोर घाबरलेली, बोलेना.

तेव्हा चिंचेवरून एक भारद्वाज बोलला, "डावीकडून चौथी."

हरपाळानं चौथ्या मुलीला उचललं. ती त्याला ओरबाडू लागली. तिच्या लेखी तो परका पुरुष होता.

"पक्षिराजा," हरपाळ म्हणाला, "तुला कसं ओळखू आलं?"

"शाप माणसांवर आहे, पाखरांवर नाही."

"शाप? कुणाचा?"

"विकटसेन मांत्रिकाचा. या नगरीत सारजा नावाची एक बाई होती. भिंतींना गिलावा करी. गिलावा ओला असताना त्यावर चित्रं काढी. तिनं तीन चित्रं काढली. एक घाटावर, एक कोठारात, एक राजाच्या पागेत. लोक त्यांच्यापुढून येत-जात, थांबत कुणी नसे. मग विकटसेनानं ती चित्रं शाप देऊन झाकली. शाप मोठा होता, भिंतींत मावला नाही. तो सांडला आणि नगरभर पसरला."

"उतारा काय?"

"तू कवी आहेस ना? भिंतीवर हात ठेव. रेघा बोटांना लागतील. जे लागेल तेच ओवीत सांग. खरं सांगशील तेवढं चित्र उमटेल. तिन्ही उमटली की शाप सरेल."

"आणि सारजा?"

"ती कुठे आहे, ते मलाही ठाऊक नाही," म्हणून पक्षी उडाला.

हरपाळानं रडणारी सुगुणा बायकोच्या, गोदेच्या, स्वाधीन केली. गोदेनं त्याच्या दंडावरचा लाल दोरा पाहिला, मगच मुलीला घेतलं. हरपाळ घाटावर गेला.

घाटावरची भिंत पांढरी फटक होती. त्यानं तळवा टेकला. बोटांखाली एका बाईची आकृती लागली. तो सवयीनं गाऊ लागला, "कमलनयना, चंद्रवदना..." बोटांखालच्या रेघा विरघळून गेल्या. भिंत नितळ झाली.

हरपाळ ओशाळला. त्याला येत होतं ते एवढंच होतं. दुपारपर्यंत तो हात टेकून गप्प उभा राहिला. हळूहळू रेघा परतल्या. बाई म्हातारी होती. तिच्या मांडीवर कुणाचा तरी पाय होता. चंद्र नव्हता, कमळही नव्हतं. हरपाळानं आयुष्यात पहिल्यांदा चाचरत ओवी म्हटली:

*सुनेचे पाऊल मांडीशी धरिले ।*
*दाती ओठ, डोळे बारीक केले ।*
*काट्याचे टोक नखाने हेरिले ।*
*सासूने हळूच ॥*

भिंतीवर हिरवं लुगडं उमटलं, पांढरे केस उमटले, सुनेच्या टाचेवरचा रक्ताचा थेंब उमटला. धुणं धुणाऱ्या बायका पिळे हातात घेऊन पाहत राहिल्या.

विकटसेनाला हे कळलं. हरपाळ कोठाराच्या भिंतीशी पोहोचला तेव्हा मांत्रिकानं तिथे न दिसणारी सभा बसवली. हरपाळाच्या ओठांवर एखादा भरजरी शब्द नुसता आला, की चहूकडून "वाहवा! धन्य धन्य!" असा गजर उठे. साधा शब्द आला की सभा गप्प. आणि आयुष्यभर वाहवा ऐकलेल्या माणसाला ती शांतता सोसत नाही. दोनदा हरपाळ भुलला, दोनदा भिंत कोरी झाली. तिसऱ्यांदा त्यानं ओला चुना उचलला, दोन्ही कानांत भरला, आणि स्वतःलाही ऐकू न येणाऱ्या आवाजात म्हणाला:

*पोत्यास टेकून हमाल निजला ।*
*मिशीत भुसा, घामाने भिजला ।*
*उघड्या मुठीत दाणा राहिला ।*
*चिमणी तो टिपे ॥*

कोठारातल्या हमालांनी ओझी उतरवली. एक म्हातारा पुढे झाला, चित्रातल्या मिशीला हात लावून म्हणाला, "हा मी." सात वर्षांत त्या नगरीत असं कुणी म्हटलं नव्हतं.

हरपाळानं कानांतला चुना काढला. तिसरी भिंत पागेत. तिथे विकटसेन उभा होता, आणि त्याच्या शेजारी स्वतः राजा मेघकेतू.

"भाटा," मांत्रिक म्हणाला, "या भिंतीवर महाराज आहेत. महाराजांना शोभेल असंच वर्णन कर. नाहीतर मान राहणार नाही."



हरपाळानं भिंतीला हात लावला. बोटांना सिंहमुखाचं कडं लागलं. तसं कडं राज्यात एकाच मनगटात होतं. पण ते मनगट तलवारीवर नव्हतं. ते एका घोड्याच्या मानेभोवती होतं आणि घोड्याचे पाय ताठलेले होते. चंद्रमुख म्हणावं आणि घरी जावं, असं त्याच्या मनात आलं. मग त्याला हातातून सुटू पाहणारी सुगुणा आठवली. त्यानं पुन्हा बोटं फिरवली, आणि एक गोष्ट ध्यानात आली. बाकी दोन्ही चित्रांत सारजेची रेघ सरळ, नेटकी होती. इथे ती जागोजाग हलली होती.

त्यानं मान वर केली, राजाकडे पाहिलं आणि म्हटलं:

*शस्त्र टाकुनी राजा भुईस बैसला ।*
*मेल्या घोड्याच्या गळ्यास बिलगला ।*
*हुंदका त्याचा भिंतीत राहिला ।*
*रेघ थरथरे ॥*

चित्र उमटलं. पागेतले मोतद्दार खरारे टाकून पुढे झाले. विकटसेन ओरडला, "महाराज, आज्ञा द्या!"

राजा भिंतीजवळ गेला. थरथरलेल्या रेघेवरून त्यानं बोट फिरवलं.

"मला वाटलं होतं, ती मला हसली," राजा म्हणाला. "लढाईवरून परतलो त्या दिवशी इथे कुणी नाही असं समजून रडलो. पुढे भिंतीवर हे पाहिलं आणि लाज वाटली. विकटसेना, हे झाक म्हणून मीच तुला सांगितलं. तू तिन्ही झाकलीस. पण सुरुवात माझी. भाटा, ती हसली नव्हती ना?"

"नाही महाराज. काढताना तिचा हात कापत होता."

पागेच्या दाराशी चुन्याचा एक खांब होता. मोतद्दार त्यावर लगाम टांगत. तो खांब खोकला. त्याचे पोपडे गळाले, आणि आतून एक सावळी, ठेंगणी बाई खांद्यावरचे लगाम सावरत बाहेर आली. ती सारजा होती; विकटसेनानं तिला त्या खांबात कोंडलं होतं.

त्याच क्षणी साऱ्या नगरीत एकच गलका उठला. बाजारात दोन म्हातारे एकमेकांकडे पाहत म्हणाले, "अरे, तू होय!" सात वर्षं शेजारी दुकान थाटलेले ते सख्खे भाऊ होते. पागोट्यांतली मोरपिसं रस्त्यावर पडली. गोदा पळत पागेपाशी आली, तिनं हरपाळाचा चेहरा पाहिला आणि दंडाकडे न बघताच म्हणाली, "किती वाळलात हो!" तिच्या कडेवरून सुगुणेनं दोन्ही हात पुढे केले. हरपाळानं तिला घेतलं, आणि तिची हाक ऐकून तो पोटभर रडला.

विकटसेनाची विद्या शापाबरोबरच सरली. राजानं त्याला चुन्याच्या घाणीवर धाडलं. तिथे तो दिवसभर बैलामागे फिरून चुना मळू लागला.

मग मेघकेतू सारजेपुढे आला, पागोटं काढून उभा राहिला.

"बाई, माझ्याकडून मोठा अपराध झाला. काय हवं ते माग."

सारजेचं लक्ष नव्हतं. ती हरपाळाला म्हणत होती, "ती शेवटची ओळ पुन्हा म्हणा." त्यानं म्हटली. तिनं डोळे पुसले. मग ती भिंतीकडे बघत राजाला म्हणाली, "महाराज, घोड्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा राहून गेलाय. माझा हात पोचत नाही. शिडी धरायला कुणी मिळेल का?"

राजानं स्वतः शिडी धरली.

त्या नगरीतल्या माणसांना आपली माणसं सापडली, तशी तुम्हां-आम्हांलाही सापडोत.